उशीखालचा कागद

नगर शहराला खेटून असलेल्या भिंगारच्या परिसरात ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहाने प्राण सोडला. वय अठ्ठ्याऐंशी, आणि त्यातली शेवटची पंचवीस वर्षे दख्खनच्या डोंगरांत अन् चिखलात गेलेली. त्याच्या नावावर सांगितली जाणारी मृत्युपत्रे एकाहून अधिक आहेत. हमीदुद्दीन खानाची म्हणून ओळखली जाणारी आणि जदुनाथ सरकारांनी १९१२ मध्ये इंग्रजीत आणलेली जी आठवणींची पोथी आहे, तिच्यात त्यातले एक सापडते. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे महालदाराकडे ठेवलेले आहेत, ते कफनाला लावावेत. कुराणाच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये आहेत, ते फकिरांना वाटावेत, असे त्यात बादशहा सांगतो. दुसरा एक कागद त्याच्या उशीखाली मिळाला म्हणतात. त्यात सबंध पातशाहीची तीन मुलांमध्ये वाटणी होती. पहिल्या कागदातला साधेपणा पाळला गेला. मयत खुलदाबादला नेली, शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली मातीची कबर झाली, आणि आजही ती तशीच साधी आहे. दुसऱ्या कागदाचे काय झाले ते जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या मैदानावर दिसले. दोन भावांच्या फौजा भिडल्या आणि आझमशहा पडला. धाकटा कामबक्ष जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादेजवळ भावाशी लढताना झालेल्या जखमांनी मेला. चार रुपये दोन आण्यांची इच्छा पुरी झाली, पातशाहीची राहिली.

मृत्युपत्र करणारा माणूस बहुतेक सारा विचार 'कुणाला काय द्यायचे' यावर खर्च करतो. 'माझ्यामागे ते देणार कोण' हा प्रश्न शेवटच्या कलमात येतो आणि तिथे सवयीने थोरल्या मुलाचे नाव पडते. नगर जिल्ह्याचा पाचशे वर्षांचा इतिहास या शेवटच्या कलमाच्या अंगाने वाचला, तर असे दिसते की निकाल नेहमी तिथेच लागला आहे. माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. चांगला एक्झिक्युटर म्हणजे प्रामाणिक माणूस, किंवा ज्याचा इस्टेटीत हितसंबंध नाही असा माणूस, असे आपण समजतो. इतिहासाचा दाखला वेगळा आहे. मेलेल्याची इच्छा तिथेच पार पडली, जिथे ती पार पाडणाऱ्याला कुणीतरी जिवंत माणूस हिशेब विचारू शकत होता. माणसाचा चांगुलपणा त्यानंतरचा.

आधी शब्दाचे पाहू, कारण शब्द नसणे हाही पुरावाच असतो. 'वारस' हा अरबीतून आलेला शब्द मराठीने इतका आपलासा केला की तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच कायद्याच्या भाषेतला 'वसी', म्हणजे मेलेल्याची इच्छा अमलात आणणारा, मराठीत मात्र रुजला नाही. कोर्टाच्या कागदांत 'निष्पादक' किंवा 'व्यवस्थापक' येतो, बोलण्यात सरळ 'एक्झिक्युटर'. घेणाऱ्यासाठी घरोघरी शब्द आहे आणि देणाऱ्यासाठी इंग्रजीच्या दारात उभे राहावे लागते. याचे कारण उघड आहे. इथल्या हिंदू घराला असा माणूस नेमण्याची गरजच पडत नव्हती. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच येतो, त्यामुळे बाप मेल्यावर 'देण्याचा' प्रसंग उभा राहत नाही. कर्ता बदलतो, चूल तीच राहते. धर्मशास्त्राने दान, दत्तक, विभाग यांचा कीस काढला, पण मरणानंतर लागू होणाऱ्या कागदासाठी त्याच्याकडे स्वतंत्र प्रकरण नाही. १८१८ नंतर नगर इंग्रजांच्या हाती आले, एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींचे कायदे आणि रिवाज गोळा करून १८२७ मध्ये छापले. त्या जगात मृत्युपत्र हा पाहुणाच होता.

यावर कुणी म्हणेल, मग जुनी पद्धतच बरी होती, एक्झिक्युटर नको आणि त्याच्या भानगडीही नकोत. म्हणणे अर्धे खरे आहे. कर्त्यावर कुणाचे कागदी बंधन नव्हते, पण एक धाक कायम होता: कुठलाही भाऊ उठून 'माझी वाटणी द्या' म्हणू शकत होता, आणि तो तसे म्हणाला की भांड्याकुंड्यांपासून विहिरीतल्या पाण्याच्या पाळीपर्यंत साऱ्याचा हिशेब चावडीवर मांडावा लागे. एकत्र कुटुंब टिकले ते प्रेमावर, हे गोड बोलणे झाले. ते वाटणीच्या धाकावरही टिकले. ज्यांना वाटणी मागता येत नव्हती त्यांचे हाल पाहिले की हे लगेच पटते. विधवा, परित्यक्ता, सावत्र मुली यांना हिशेब मागण्याचा हक्क नव्हता, म्हणून मरणाऱ्याने त्यांच्यासाठी बोललेले शब्द हवेत विरत.

याचे नगरशी जोडलेले ठळक उदाहरण शिंद्यांच्या घरातले आहे. श्रीगोंदे, जामगाव ही शिंद्यांची ठिकाणे याच जिल्ह्यातली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले, दौलतराव गादीवर आले आणि महादजींच्या विधवांची सोय लावण्याचे वचन त्यांनी दिले. ते पाळायला भाग पाडील असा कुणी नव्हता. पुण्याचा दरबार दुबळा, सरदार धन्याचे मिंधे, आणि वचन ज्यांना दिले त्या बायका त्याच्याच छावणीत. १७९८ मध्ये बऱ्हाणपूरला पोचवतो म्हणून त्यांना बाहेर काढले आणि वाट धरली ती नगरच्या किल्ल्याची, म्हणजे कैदेची. वाटेत मुजफ्फरखान नावाच्या सरदाराने त्यांना सोडवले आणि त्यातून जे युद्ध पेटले ते 'बायांचे बंड' म्हणून ओळखले गेले. त्यात दख्खनची गावेच्या गावे लुटली गेली. एका पोटगीच्या वचनाला जामीन नव्हता, त्याची किंमत ज्या रयतेचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता तिने भरली.

त्याच शतकातले उलटे उदाहरणही जिल्ह्यातल्याच लेकीचे आहे, आणि ज्या नावाने आता जिल्हा ओळखला जातो ते तिचेच. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी. दिवाण गंगाधर यशवंतांना दत्तक घ्यायला लावून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता, रघुनाथरावांची त्यांना साथ होती. अहिल्याबाईंनी तो डाव उधळला हे सर्वांना ठाऊक आहे. मला इथे महत्त्वाची वाटते ती त्यांनी नंतर लावलेली घडी. फौज तुकोजी होळकरांकडे आणि तिजोरी आपल्याकडे. होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी असे दोन हिशेब आधीपासून होते. १७३४ मध्ये पेशव्यांनी सासू गौतमाबाईंना खासगीची जहागीर दिली तेव्हापासूनचे. अहिल्याबाईंनी ही भिंत पडू दिली नाही. तुकोजींशी त्यांचा उभा जन्म पैशाच्या हिशेबावरून खटका उडत राहिला, पत्रव्यवहारात त्याच्या खुणा जागोजागी आहेत. चरित्रकारांना ही धुसफूस अवघड वाटते, कारण ती पुण्यश्लोक प्रतिमेत बसत नाही. मला ती धुसफूस हेच त्या कारभाराचे मर्म वाटते. १७९५ मध्ये त्या गेल्या, दोन वर्षांत तुकोजीही गेले, हिशेब विचारणारे कुणी उरले नाही, आणि तुकोजींच्या मुलांनी तलवारी उपसल्या.

आता थोडे मागे, निजामशाहीत. नगर वसवणारा अहमद निजामशहा सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस वारला तेव्हा वारस बुऱ्हाण सात वर्षांचा होता. सरदारांकडून त्याच्या निष्ठेची शपथ घेऊन आणि कारभार मुकम्मलखान दख्खनीच्या हाती सोपवून अहमदने डोळे मिटले. सात वर्षांचा राजा आणि बलाढ्य वजीर, हा त्या काळी मुलाच्या मरणाचा नुस्खा होता. तरी बुऱ्हाण जगला आणि १५५३ पर्यंत त्याने राज्य केले. मुकम्मलखान सज्जन होता म्हणून हे झाले, असे म्हणता येईल. पण इतिहासकार फिरिश्ता जे सांगतो त्यात दुसरीही गोष्ट दिसते: बाकीचे सरदार या खानाच्या घराण्याचा हेवा करत होते, त्याच्यावर डोळा ठेवून होते, एकदा तर त्यांनी राजाच्या भावाला पुढे करण्याचा घाट घातला. खानाला एक पाऊल वाकडे टाकणे परवडणारे नव्हते. त्याचे जे विरोधक इतिहासात खलपुरुष ठरतात, त्यांनीच त्याला सरळ ठेवले असणार. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण मेला तेव्हा हे चित्र उलटले होते. त्याने नेमलेला इब्राहिम काही महिन्यांत लढाईत पडला आणि दरबारात दख्खनी, हबशी असे गट आपापला वारस हातात धरून बसले. कुणीच कुणाला उत्तर देणे लागत नव्हते. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला, आणि पुढे तो टिकत नाहीसे दिसताच गुजरातेतून मोगल शहजादा मुरादलाच बोलावणे धाडले. चांदबिबीने इब्राहिमचा लहान मुलगा बहादूर याच्या नावाने किल्ला लढवला, वऱ्हाड देऊन वेढा उठवला, पण १६०० मध्ये किल्ला गेला तो गेलाच. शत्रू आपण होऊन आला नाही, त्याला आमंत्रण गेले होते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की राज्य ही इस्टेट नाही. गादीचे वारसयुद्ध आणि गावातल्या माणसाचे मृत्युपत्र यांची तुलना म्हणजे डोंगर आणि ढेकूळ एका तराजूत घालणे. औरंगजेबाच्या बाबतीत तर या आक्षेपाला कायद्याचाच आधार मिळतो. ज्या हनफी मताची फतावा-ए-आलमगिरी त्याने स्वतः विद्वानांकडून सिद्ध करवून घेतली, त्या मताप्रमाणे मृत्युपत्राने मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे देता येत नाही, आणि वारसालाच काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणजे मुलांमध्ये पातशाही वाटणारा कागद शरियतच्या डोळ्यांनी मृत्युपत्रच ठरत नाही, ती नुसती राजकीय सूचना. शिवाय हे कागद अस्सल आहेत का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही.

आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा हलत नाही. कागद अस्सल असो वा नंतर रचलेला, वाटणीची सूचना होती हे मुलांना ठाऊक होते. जाजऊच्या आधी थोरल्या मुअज्जमने आझमला तिचीच आठवण देऊन समेटाचा निरोप पाठवला होता आणि आझमने तो झिडकारला. म्हणजे इच्छा अस्पष्ट होती म्हणून बिनसले असे नाही. आणि राज्य ही इस्टेट नसेल, तर त्याच बादशहाच्या हातून सुटलेल्या चार रुपये दोन आण्यांकडे पाहावे. तिथे तर वाटप झालेच ना? झाले, कारण त्यात कुणाचा फायदा नव्हता आणि ते न केल्यास सबंध छावणीसमोर लाज जाणार होती. आझम माळव्याच्या वाटेवर रेंगाळत होता, बातमी लागताच माघारी आला, शोक केला, मयत रवाना केली. मुलाने बापाच्या मयतीचा खर्च कसा केला हे हजारो डोळे पाहत होते. पातशाहीचा हिशेब विचारणारे मात्र कुणी नव्हते. वजीर असदखान होता, बादशहाने त्याच्यासारखा दुसरा वजीर नाही असे लिहून ठेवले म्हणतात. पण वजिराला वाटणी अमलात आणण्याचा अधिकार दिला नव्हता, फौज दिली नव्हती, आणि नव्या धन्याने काढून टाकले तर त्याला दाद मागायला जागा नव्हती. जो पहिला पोचेल त्याच्या हाती उशीखालचा कागद, आणि पहिला पोचला तो वाटणीने ज्याचे सर्वाधिक नुकसान होणार होते तो. मार्चमध्येच नगरजवळच्या बागेत आझमने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. मधल्या मध्ये मराठ्यांचे घरही यात ओढले गेले: उत्तरेला निघालेल्या आझमने मे महिन्यात कैदेतल्या शाहूंना सोडून दिले, आणि एका घरातले न मिटलेले मृत्युपत्र दुसऱ्या घरातल्या तंट्याचे कारण झाले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला शाहू आणि ताराबाईंच्या फौजा समोरासमोर आल्या.

राजेरजवाडे सोडून साध्या माणसांकडे यायचे तर इंग्रजी कायद्याच्या वाटेनेच यावे लागते. १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने मृत्युपत्र लेखी असावे, साक्षीदारांसमोर सही व्हावी असे दंडक घातले, पण ते बंगाल आणि मुंबई-मद्रास या शहरांपुरते. नगरसारख्या मुफसल जिल्ह्यात हिंदूला तोंडी मृत्युपत्र करण्याची मुभा होती. ती संपली १ जानेवारी १९२७ ला. १९२५ चा भारतीय वारसा कायदा पुढच्या दुरुस्तीने त्या तारखेपासूनच्या सर्व हिंदू मृत्युपत्रांना लागू झाला. आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येऊ लागला तो आणखी तीस वर्षांनी, १९५६ मध्ये. म्हणजे ज्या जिल्ह्याचा विचार आपण करतो आहोत तिथे लेखी मृत्युपत्राची परंपरा जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी मरणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्यांची आठवण, एवढाच दस्तऐवज.

असा शब्द किती कठीण परिस्थितीत सापडतो याचा या जिल्ह्यातला सर्वांत नोंदलेला प्रसंग शिर्डीचा आहे. १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी, मंगळवारची दुपार. साईबाबांनी द्वारकामाई मशिदीत देह ठेवला. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या साईसच्चरितात शेवटच्या क्षणांचा तपशील आहे. जवळ जमलेली दक्षिणा बाबा रोज संध्याकाळपर्यंत वाटून टाकत, त्यामुळे इस्टेट म्हणावी असे काही नव्हतेच. लक्ष्मीबाई शिंदे यांना त्यांनी आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये स्वतःच्या हाताने दिले. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर या एका दानाला एक्झिक्युटर लागला नाही, देणाऱ्याने ते जिवंतपणीच पुरे केले. दुसरी इच्छा मात्र इतरांवर सोपवावी लागली: मला वाड्यात न्या. हा वाडा नागपूरच्या गोपाळराव बुट्टींचा, त्यांनी मुरलीधराच्या मूर्तीसाठी बांधायला घेतलेला. म्हणजे जी जागा आपल्या मालकीची नाही तिच्याविषयी केलेली ही इच्छा होती, आणि ती पुरी व्हायची तर मालकाने स्वतःचा बेत सोडून द्यायला हवा होता.

वाद पेटलाच. काही मुसलमान भक्तांचे म्हणणे होते की मोकळ्या जागेत दफन करून वर कबर बांधावी. खुशालचंद आणि अमीर शक्कर यांचेही मत तेच. गावचे रामचंद्र पाटील ठाम राहिले, की बाबांचा देह वाड्याशिवाय कुठेही ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत चर्चा चालली. कोपरगावचे मामलेदार आले, मते घेतली गेली, वाड्याच्या बाजूला दुप्पट मते पडली. मामलेदाराने तरीही निर्णय आपल्या शिरावर घेतला नाही, कलेक्टरकडे जावे असे ठरवले, आणि बाबांचे भक्त काकासाहेब दीक्षित नगरला निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात विरोध मावळला आणि बुधवारी संध्याकाळी मिरवणुकीने देह वाड्यात नेण्यात आला. भक्तांच्या दृष्टीने ही बाबांचीच प्रेरणा. इतिहासाच्या बाजूने बोलणारा एवढेच म्हणेल, की इथे एकाच माणसाला 'माझ्या मनात आहे ते मी करीन' म्हणता येत नव्हते. पाटलाला गावाला उत्तर द्यायचे होते, गावाला मामलेदाराला, मामलेदाराला कलेक्टरला. बाबांनी कुणालाच नेमले नव्हते, म्हणून सगळ्यांवर सगळ्यांची नजर होती. भिंगारच्या छावणीत नव्हते ते नेमके हेच.

समाधीनंतरचा प्रश्न मात्र नजरेने सुटण्यासारखा नव्हता. पैसा येऊ लागला. अब्दुल बाबा समाधीची रोजची सेवा करत होते, मुंबईचे भक्त व्यवस्था पाहत होते, आणि या दोहोंपैकी कुणालाही बाबांनी लेखी अधिकार दिलेला नव्हता. काकासाहेब दीक्षित पेशाने सॉलिसिटर होते, त्यामुळे या पोकळीचा धोका त्यांना इतरांच्या आधी दिसला असणार. १९२२ मध्ये नगरच्या जिल्हा न्यायालयाच्या योजनेने संस्थान उभे राहिले, दीक्षित त्याचे मानद चिटणीस झाले. मेलेल्याने एक्झिक्युटर नेमला नाही तर कोर्टाने नेमावा, हे तत्त्व जिल्ह्यात यापेक्षा मोठ्या प्रमाणावर कधी वापरले गेले नसेल. चार वर्षे लागली, आणि या चार वर्षांत सर्वांच्या मनात कडवटपणा साचला नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

त्याच जिल्ह्यात, चाळीस वर्षांनी, उलट दिशेने विचार करणारा एक माणूस होता. अरणगावजवळच्या मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांनी आपल्या समाधीची जागा मरणाआधी कित्येक दशके ठरवून ठेवली होती. घुमटाची वास्तू १९३८ मध्येच बांधून झाली. १९५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या सहीने सार्वजनिक न्यास स्थापला, आपल्यामागे मंडळींची सोय आणि यात्रेकरूंची व्यवस्था यांची कामे त्यात घातली. ३१ जानेवारी १९६९ ला मेहेराझादला त्यांचे निधन झाले, ७ फेब्रुवारीला मेहेराबादला समाधी झाली. कुठे न्यायचे, कुणी न्यायचे, यावर मामलेदाराला यावे लागले नाही. न्यासाचे अध्यक्षपद त्यांची बहीण मणी इराणी यांनी १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले. म्हणजे एक्झिक्युटर घरातलाच, रक्ताचा. तरी चालले. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने अशा न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावे लागतात. घरचा माणूस असणे आणि हिशेब देणे यांत विरोध नाही, हे मेहेराबादने दाखवले.

संस्था नेमली की प्रश्न मिटतो, असा याचा अर्थ मात्र काढू नये. होळकरांच्या खासगीच्या देवस्थानांसाठी इंदुरात १९६२ मध्ये केलेल्या ट्रस्टवर मालमत्ता विकल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास कायद्याच्या चौकटीत आणला. शिर्डीला २००४ चा स्वतंत्र कायदा आहे, तरी त्याच २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सरकारने नेमलेली व्यवस्थापन समिती रद्द ठरवली आणि कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. १९२२ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या दारातून निघालेली गाडी शंभर वर्षांनी त्याच दारात. संस्थेचा फायदा एवढाच, की तिला कोर्टात खेचता येते.

आता घरगुती मृत्युपत्राकडे, जिथे रक्कम लहान आणि डाव तोच. कायद्याने एक्झिक्युटरला बरेच बांधले आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचे शिक्कामोर्तब, मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा. मयताची मालमत्ता त्याने स्वतःच, सरळ वा आडून, विकत घेतली तर ती विक्री कुणाही हितसंबंधी माणसाला रद्द करून घेता येते. अज्ञान किंवा वेडसर माणूस एक्झिक्युटर होऊ शकत नाही. आणि नेमलेला माणूस 'मला नको' म्हणू शकतो. पण यातला पहिला आणि सर्वांत कडक नियम प्रोबेटला टांगलेला आहे, आणि हिंदूंच्या बाबतीत मुंबईसारख्या शहरांपुरती २०२५ पर्यंत असलेली प्रोबेटची सक्ती नगरला कधी नव्हती. परिणाम असा, की मुंबईतल्या फ्लॅटचा एक्झिक्युटर न्यायाधीशासमोर उभा राहत आला आणि संगमनेर, पाथर्डी, कर्जतच्या जमिनीचा उभा राहिला तो तलाठ्यासमोर. हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची, फेरफाराची नोंद व्हायची, हरकत आली तर सर्कल आणि तहसीलदार. तलाठी सातबाऱ्यावर कुणाचे नाव चढले हे पाहतो. बँकेतल्या ठेवीचे काय झाले, आईच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवलेले कुठे गेले, बहिणीला सांगितलेले सोने दिले का, हे विचारण्याचे काम त्याच्याकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही.

म्हणूनच 'तटस्थ परका नेमा' या वकिली सल्ल्यावर माझा पूर्ण भरवसा बसत नाही. परक्याला इस्टेटीत रस नसतो, पण काम वेळेत उरकण्यातही नसतो. आणि ज्याला कुणी काही विचारत नाही असा तटस्थ माणूस हळूहळू तटस्थ राहत नाही. थोरला मुलगा नेमण्यात चूक नाही, एकटा नेमण्यात आहे. दुसरे नाव जोडावे, आणि ते अशा कुणाचे असावे ज्याला हिशेब विचारायची गरज पडेल: धाकट्या बहिणीचे, सुनेचे, कमी हिस्सा मिळालेल्याचे. यावर म्हणतील की दोघे भांडतील. भांडोत. अहिल्याबाई आणि तुकोजी तीस वर्षे भांडले. कागद कुठे ठेवावा याचे उत्तर तर १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. बंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, मृत्यूनंतर अर्ज आला की ते अर्जदारासमोर उघडले जाते आणि त्याची नक्कल दप्तरात राहते. नगरलाही ही सोय आहे. तरी बहुतेक घरांत मृत्युपत्र अजून कपाटात, साड्यांच्या घडीखाली असते, आणि ते कुणाला सापडायचे हे कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे यावर ठरते.